सासूबाई येतायत आणि हॉलमधला गॅस फायर सारखा विझतोय

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही ह्या जूनमध्ये लीड्सला १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर घेतलं. हॉलमधल्या जुन्या फायरप्लेसमध्ये खोट्या कोळशांचा गॅस फायर आहे, म्हणजे खोली गरम करणारी गॅसची शेकोटी. लावला की लागतो, पण थोड्या वेळाने पायलटसकट (मुख्य ज्योत पेटवणारी छोटी ज्योत) विझतो, परत लावावा लागतो. वर भिंतीवर काळपट डाग आहे, तो आधीपासूनचा असेल. नवरा म्हणतो घर आणि पाणी गरम करणाऱ्या बॉयलरची सर्व्हिस झालीये म्हणजे गॅसचं सगळं ओके. मैत्रिणीच्या ओळखीतला एकजण ४० पाउंडात साफ करून देतो म्हणतोय. नोव्हेंबरात सासूसासरे साताऱ्याहून येतायत, आईंना जिना चढवत नाही म्हणून त्यांची झोपायची सोय ह्याच खोलीत करायची आहे, मधली भिंत पाडलेली असल्याने किचन तिथेच. त्या माणसाकडून करून घेऊ का? की फायर काढूनच टाकू? – एक वाचक, लीड्स

उत्तर: अगं, बाकीचं सावकाश वाच, पण तो फायर आत्ता बंद कर आणि इंजिनीअर येऊन बघून जाईपर्यंत परत लावू नकोस. थंडी पडली तरी नको, पाहुणे आले म्हणून पाच मिनिटं तर अजिबात नको.

तू पायलट विझण्याबद्दल असं लिहिलंयस की जणू तो फायरचा हट्टीपणा आहे आणि परत लावला की प्रश्न मिटला. तसं नाहीये ते. पायलटच्या ज्योतीसमोर एक बारीक दांडी असते, थर्मोकपल म्हणतात तिला, ती तापलेली आहे तोवरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. बऱ्याच फायरमध्ये हा पायलट मुद्दाम असा नाजूक बनवलेला असतो की खोलीतला ऑक्सिजन कमी व्हायला लागला की ज्योत जागची उचलली जाते, दांडीपासून लांब जाते, दांडी गार पडते आणि गॅस बंद. म्हणजे फायर विझला तो बिघडला म्हणून नाही, कदाचित त्याने त्याचं काम चोख केलं म्हणून विझला, आणि आपण काय करतोय तर नॉब दाबून धरून त्याला परत पेटवतोय. आता हेही खरं की थर्मोकपल जुनं झालं, पायलटच्या हवेच्या भोकात धूळ किंवा कुत्र्यामांजराचे केस अडकले तरी तो असाच विझतो आणि मग काम किरकोळ निघतं. पण ह्यातलं कुठलं कारण आहे ते घरबसल्या कळत नाही, व्हिडिओ बघून तर नाहीच.

त्यात तुझ्याकडे भिंतीवर डाग आहे. "आधीपासूनचा असेल" हे मला सगळ्यात कमी आवडलेलं वाक्य. आधीपासूनचा असेल तर ह्याचा अर्थ एवढाच की धूर आधीपासून बाहेर येतोय. गॅस नीट जळला की कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते आणि ती चिमणीतून वर जाते. हवा कमी पडली किंवा धूर वर जायच्या ऐवजी खोलीत परत यायला लागला की जळणं अर्धवट होतं, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला इथे सगळे सीओ म्हणतात. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. पाइपातल्या गॅसचा जो वास आपल्याला येतो तो मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून, पण जळल्यानंतरच्या सीओला तो वास नसतो त्यामुळे "वास तर येत नाही ना" ह्याला काही अर्थ नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला सीओ ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो म्हणून थोडासाही भारी पडतो. तुला हे नवीन वाटायला नको खरं तर, थंडीत आपल्याकडे बाथरूममधल्या गॅस गिझरने गुदमरल्याच्या बातम्या वाचतच आपण मोठे झालो, हा तोच सीओ आहे, फक्त इथे तो छान फायरप्लेसमध्ये बसलाय.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते सांगते. सीओची सुरुवातीची लक्षणं म्हणजे डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, थकवा, धाप लागणं, गोंधळल्यासारखं होणं. ताप नसलेला फ्लू असल्यासारखं. आणि तुझ्या घरी कोण येणारेत? साताऱ्याहून एवढा प्रवास करून आलेले दोन वयस्कर लोक, झोपेची वेळ बदललेली, नोव्हेंबरातली लीड्सची हवा, चार वाजता अंधार. आईंचं डोकं दुखलं तर घरातला प्रत्येकजण म्हणणार हवा मानवली नाही, झोप झाली नाही, ऊन नाही म्हणून असं होतंय. कोणाच्याही डोक्यात फायर येणार नाही. तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसला, मुलं शाळेत, आणि ते दोघं दारंखिडक्या लावून त्याच फायरसमोर बसलेले, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ त्या हवेत तेच. एक खूण मात्र लक्षात ठेव: बाहेर फिरायला गेलं की बरं वाटतंय आणि घरी आलं की परत डोकं धरतंय असं असेल, किंवा घरातल्या दोघातिघांना एकदमच त्रास होत असेल, तर आधी फायर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर, आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की घरात गॅस फायर आहे, सीओची शंका आहे, म्हणजे ते त्यासाठीची रक्ततपासणी करतील. आणि ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोविडपासून प्रत्येकाच्या पर्समध्ये असतं, त्याच्यावर इथे विसंबू नकोस. साध्या ऑक्सिमीटरला सीओ चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन ह्यातला फरक कळत नाही, त्यामुळे माणूस गुंगीत असताना ते आरामात ९८ दाखवेल.

तर आता नवरोबांचं म्हणणं. बॉयलरची सर्व्हिस झाली म्हणजे बॉयलरची झाली, बास. आजकालचे बॉयलर बहुतेक सगळे बंदिस्त असतात, हवा बाहेरून घेतात आणि धूर स्वतःच्या पाइपातून पंख्याने बाहेर टाकतात, त्यांना खोलीतल्या हवेशी घेणंदेणं नसतं. तुझा फायर खोलीतली हवा घेतो आणि धूर नव्वद वर्षं जुन्या विटांच्या चिमणीत सोडतो, तोही कुठल्या पंख्याशिवाय, गरम हवा आपोआप वर जाते एवढ्याच भरवशावर. दोन्हीला गॅसचा पाइप एकच हे सोडलं तर काही सारखं नाही. बॉयलरवाला आला तेव्हा त्याने फायरकडे बघितलंही नसेल आणि त्यात त्याची चूक नाही, त्याला बॉयलरचे पैसे दिले होते.

आणि ओळखीतला माणूस. हे जरा लांबण लावून लिहिते कारण आपल्या लोकांत हा प्रकार फार आहे, प्लंबर ओळखीचा, सुतार ओळखीचा, टॅक्सवाला ओळखीचा, आणि बऱ्याचदा त्यात वाईट काही नसतं. गॅसला मात्र ओळख चालत नाही. इथे धंदा म्हणून गॅसचं काम करणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅसचं काम करायची मुभा असलेल्यांच्या अधिकृत यादीत, असलाच पाहिजे, कायदा आहे. हे रजिस्टर १ एप्रिल २००९ पासून आहे, त्याआधी कॉर्गी होतं, त्यामुळे आजही कोणी "मी कॉर्गी रजिस्टर्ड आहे" असं अभिमानाने सांगत असेल तर त्याला चहा देऊन परत पाठव. रजिस्टरवरच्या प्रत्येकाकडे फोटोचं कार्ड असतं, ते मागायला लाजायचं नाही, ते मागण्यासाठीच असतं. पुढची बाजू सगळे बघतात, नंबर आणि मुदत, पण खरी माहिती मागच्या बाजूला असते, हा माणूस कोणकोणती कामं करायला पात्र आहे ते तिथे लिहिलेलं असतं. बॉयलर असेल, कुकर (स्वयंपाकाची शेगडी) असेल आणि फायर नसेल, असं होऊ शकतं. तर मागे फायर लिहिलंय का बघ. नंबर गॅस सेफच्या वेबसाइटवर टाकूनही तपासता येतो, दोन मिनिटांचं काम.

४० पाउंडात तो काय करणार आहे तेही मला दिसतंय, कोळसे काढणार, व्हॅक्यूम मारणार, कोळसे परत रचणार. आणि गंमत म्हणजे साफ करण्याच्या नादात फायर आधी होता त्यापेक्षा धोकादायक होऊ शकतो, कारण ते खोटे कोळसे शोभेसाठी वाटेल तसे टाकलेले नसतात. कुठला तुकडा कुठे, किती अंतर, कोणाच्या वर कोण, हे कंपनीच्या पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं असतं, कारण ज्योतीला हवा त्या फटींतून मिळते. एक तुकडा इकडचा तिकडे झाला की ज्योत त्याच्यावर आपटते, काजळी धरते, सीओ वाढतो. म्हणून तूही ते कधी हलवू नकोस, वर छान दिसतात म्हणून गोटे, पाइनकोन वगैरे ठेवू नकोस, आणि कागद, टिश्यू तर टाकूच नकोस त्यात, पाहुणे टाकतात, खरी शेकोटी वाटते त्यांना.

खरी सर्व्हिस कशी असते ते सांगते म्हणजे तुला समोर उभं राहून कळेल. तुझ्याकडे आहे तशा फायरची सर्व्हिस म्हणजे फायर जागचा बाहेर काढावा लागतो. मागे बऱ्याचदा एक पत्रा असतो, चिमणीचं तोंड बंद करणारा, कडेने उष्णता सोसणारी टेप लावलेली, तोही काढायचा. त्याच्या मागची जागा हे सगळ्या कथेचं मूळ, वरून पडलेली काजळी, चुना, विटांचा चुरा, पक्ष्यांच्या काटक्या सगळं तिथे साठतं आणि साठत साठत धुराची वाट अडवतं. जॅकडॉ नावाचे कावळ्याच्या जातीचे पक्षी इथे बऱ्याचदा चिमणीत घरटं करतात, वरून काटक्या सोडत राहतात एखादी अडकेपर्यंत, आणि उन्हाळाभर फायर बंद असतो त्यामुळे कोणाला पत्ता नसतो. मग धुराची गोळी पेटवून चिमणी ओढतेय का, बाहेर वरच्या टोकातून धूर निघतोय का, मधेच वरच्या बेडरूममध्ये किंवा माळ्यावर तर झिरपत नाही ना, हे बघायचं. मग पत्रा नवीन टेपने बंद, बर्नर आणि पायलट साफ, गॅसचं प्रेशर, गळती, फायर विझल्यावर गॅस बंद होतोय का, आणि शेवटी फायर चालू करून त्याच्या वरच्या कडेला धुराची काडी धरून बघायचं की धूर आत ओढला जातो की खोलीत येतो.

ह्या शेवटच्या टेस्टच्या वेळी तू तिथे हजर राहा. ती दारंखिडक्या बंद करून आणि घरातले पंखे चालू ठेवून करायची असते, आणि तुझं किचन त्याच जागेत आहे म्हणून त्याला स्वतःहून सांग की कुकर हूड, म्हणजे शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा, फुलवर ठेवून बघा. साधा विचार कर, आपण फोडणी घालताना, मासे तळताना तो हूड किती जोरात लावतो, तो एवढी हवा बाहेर फेकतो ती कुठून तरी आत यायलाच हवी, आणि डबल ग्लेझिंग (खिडक्यांना दुहेरी काचा) केलेल्या घट्ट घरात तिला सगळ्यात सोपी वाट कुठली तर चिमणी. म्हणजे चिमणी उलटी चालते, धूर हॉलमध्ये. आधीच्या मालकीणबाईंनी फायर वापरला तेव्हा कदाचित मधली भिंत होती आणि एवढा मोठा हूडही नव्हता. मला तर वाटतं तुझा पायलट नेमका स्वयंपाकाच्या वेळी विझतो का ते आठवून बघ, आणि आठवलं तर इंजिनीअरला सांग.

भिंतीत हवेसाठी जाळी किंवा एअरब्रिक (भोकांची वीट) असेल तर तीही शोध. थंड वारा येतो म्हणून लोक टेप मारतात, पुढे सोफा लावतात, वरून वॉलपेपर लावतात. प्रत्येक फायरला जाळी लागतेच असं नाही, लहान फायरला बऱ्याचदा लागत नाही, उघड्या शेकोटीसारख्या प्रकाराला सहसा लागते, पण लावलेली असेल तर ती कशासाठी तरी आहे, टेप काढ. आणि हो, गणपतीत फायरप्लेसची चौकट मखरासाठी इतकी आयती असते की सगळे तिथेच बसवतात, त्याला माझी हरकत नाही, फायर बंदच असतो तेव्हा. पण विसर्जनानंतर मागे अडकलेला क्रेपचा कागद, थर्माकोल, फुलांच्या पाकळ्या सगळं निघालंय ना ते टॉर्चने बघ.

अशी सर्व्हिस तासाभराची असते. माणूस आला, पुढून ब्रश फिरवला आणि दहा मिनिटांत सही करून निघाला तर ती सर्व्हिस नाही. फोनवरच विचार, "फायर बाहेर काढून मागची जागा साफ करणार का, धूर वर जातोय का ते तपासणार का?" दोन्हीला हो आलं तरच बोलाव. ४० पाउंडात हे बसणार नाही, ८० ते १२० च्या आसपास धरून चाल, चिमणी झाडायला वेगळा माणूस लागला तर त्याचे वेगळे.

बघितल्यावर त्याने फायरला स्टिकर लावून "वापरू नका" म्हटलं तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, हे तुझ्यापेक्षा नवऱ्यासाठी लिहितेय. त्यांच्याकडे दोन पायऱ्या असतात, ॲट रिस्क (धोका होऊ शकतो) आणि इमिजिएटली डेंजरस (आत्ताच धोकादायक), दुसरीत ते गॅस तोडायची परवानगी मागतात. ती द्यायची. कागद मात्र लिहून घ्यायचा.

जे वाचक भाड्याने राहतात त्यांच्यासाठी एवढंच की १९९८ च्या गॅस सेफ्टी नियमांप्रमाणे घरमालकाने दिलेल्या गॅसच्या उपकरणांची आणि चिमणीची दर १२ महिन्यांनी तपासणी करून घेणं त्याच्यावर बंधनकारक आहे आणि झाल्यापासून २८ दिवसांत त्याची कॉपी तुम्हाला मिळाली पाहिजे, नव्याने राहायला येत असाल तर आधीच. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये गॅस फायर असलेल्या राहत्या खोलीत सीओ अलार्म लावणंही त्याच्याकडेच. स्वतःच्या घरात मात्र दरवर्षी करा म्हणून कोणी मागे लागत नाही, आणि म्हणूनच राहून जातं.

अलार्म आजच मागव, फायर वापरणार नसलीस तरी. खोक्यावर सीओ अलार्मच्या मानकाचा नंबर, बीएस ईएन ५०२९१ (BS EN 50291), लिहिलेला असलं पाहिजे, रंग बदलणारी ती स्वस्तातली काळ्या ठिपक्याची पट्टी घेऊ नकोस, ती ओरडत नाही आणि झोपलेल्या माणसाला काही सांगत नाही. फायर असलेल्याच खोलीत, फायरपासून १ ते ३ मीटर अंतरावर, भिंतीवर लावला तर दारखिडकीच्या वरच्या कडेपेक्षा उंच पण छतापासून निदान १५ सेंटीमीटर खाली. पडद्यामागे, कपाटात, हूडच्या तोंडाशी नको. मागे एक्स्पायरी असते ती बघ, आतला सेन्सर मरतो, बटण दाबल्यावर वाजला म्हणजे सेन्सर चांगला असं नाही. आणि एक, सकाळी देवापुढे खऱ्या कोळशाच्या निखाऱ्यावर धूप घातला आणि अलार्म वाजला तर अलार्मला शिव्या देऊ नका, कोळशातून खराच सीओ निघतो.

अलार्म वाजला किंवा गॅसचा वास आला तर फायर बंद, दारंखिडक्या उघडायच्या, सगळ्यांनी बाहेर, आणि बाहेरून गॅसच्या आपत्कालीन नंबरला, ०८०० १११ ९९९ ला फोन, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्ससाठी तो चोवीस तास चालतो. वास असेल तर दिव्याचं बटण चालू नाही की बंद नाही. मीटरजवळचा दांडा पाइपाला आडवा केला की घरातला गॅस बंद होतो, तो कुठे आहे ते आल्याआल्या सासऱ्यांना दाखवून ठेव, दिवसा घरात तेच असतील, आणि फोन नंबर मराठीत मोठ्या अक्षरात फ्रिजवर लाव. कोणाला चक्कर, उलटी असेल तर अँब्युलन्ससाठी ९९९.

आईंच्या झोपण्याचं. नियमाप्रमाणे झोपायच्या खोलीत गॅस फायर बसवायचा तर तो बंदिस्त तरी हवा, नाहीतर धोकादायक प्रमाणात धूर साठायच्या आत आपोआप बंद पडणारी सोय तरी त्यात हवी. तुझा फायर कदाचित ह्या दुसऱ्या प्रकारात बसेलही, सर्व्हिस झाल्यावर. तरी माझं मत विचारशील तर त्या खोलीत आई झोपणार असतील तेवढे महिने फायर बंदच ठेव. सर्व्हिस झालेली असली तरी. रात्री कोणाला थंडी वाजली की कोण उठून फायर लावणार ते आपल्याला माहितीये, आणि तो कंट्रोल वाकून लावायचा, त्यांचे गुडघे हे असे. त्या खोलीचा रेडिएटर वाढव, कमी पडला तर तेलाचा इलेक्ट्रिक हीटर घे, त्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत हे सांगून ठेव, कारण घातले जाणारच आहेत.

राहिलं काढून टाकायचं. मी तुझ्या जागी असते तर आधी एकदा नीट इंजिनीअरला बोलावून बघितलं असतं, किरकोळ निघालं तर दुरुस्त करून पॉवरकट किंवा बॉयलर बंद पडला तर उपयोगी म्हणून ठेवला असता. पण चिमणीचं मोठं काम निघालं, किंवा हूड लावला की धूर आत येतोच असं ठरलं, तर त्यात पैसे घालू नकोस. ह्या उघड्या कोळशांच्या फायरची निम्मी ऊब तशीही चिमणीतून वर जाते, दिवसभर शेकत बसायला तो महागच पडतो. काढायचा तरी गॅस सेफवालाच हवा, पाइपाचं तोंड नीट बंद करून तपासून द्यायला, "नुसतं काढायचंच तर आहे" म्हणून ओळखीतल्याला परत फोन करू नकोस. आणि काढल्यावर चिमणीचं भोक प्लास्टरने गच्च बुजवून टाकू नका, खाली एक छोटी जाळी आणि वर टोकाला पाऊस न येणारी टोपी ठेवा, नाहीतर दोन हिवाळ्यांत त्याच भिंतीवर ओल येईल आणि मग तू मला त्याचं पत्र लिहिशील.